बुजवलेला झोत

त्या काळी दुर्बिणीतून फोटो काचेच्या प्लेटवर निघत, आणि त्यांच्या कागदी प्रती काढायचं काम वेधशाळेच्या तळघरात त्याच्याकडे होतं. हात मोठा साफ. कागदावर धुळीचा ठिपका दिसला तरी बारीक ब्रशने बुजवून टाकायचा.

एका सकाळी दार धाडकन उघडलं. दारात एक मुलगी… एका हातात निथळती छत्री, दुसऱ्यात त्याने काढलेली प्रत.

"ही तुमचीच करामत ना?"

"का, काही चुकलं?"

"या दीर्घिकेतून एक सरळ रेघ निघत होती. कुठे गेली?"

"तो ओरखडा? बुजवला की." तो ऐटीत म्हणाला. "मागमूस नाही, बघा!"

ती बघतच राहिली… आणि मग अशी हसत सुटली, की स्टुलावर बसावं लागलं.

"ओरखडा! अहो, तिच्या मधोमध कृष्णविवर आहे. त्याच्याजवळून कण जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर फेकले जातात. हजारो प्रकाशवर्षं लांब झोत तो! मी दोन वर्षं घातली त्यावर, आणि तुम्ही एका फटक्यात—"

"कपाळ माझं!"

त्याने लगेच दुसरी प्रत काढली. लाल दिव्याखाली दोघं ट्रेवर वाकली. द्रावणात ती रेघ हळूहळू उमटली, तेव्हा तिने श्वास रोखलेला त्याला जाणवला.

मग ती दर आठवड्याला येऊ लागली. कधी प्रत थोडी गडद हवी, कधी थोडी फिकी. ग्रंथालयातल्या बाई एकदा म्हणाल्याच, "प्रती काढताय, की सूत जुळवताय?" तो कानापर्यंत लाल झाला.

आणि तिला लांबच्या वेधशाळेत नोकरी लागली. शनिवारची गाडी. शुक्रवारी ती पुन्हा तळघरात.

"आता काय चुकलं प्रतीत?"

"काही नाही."

"मग?"

"हात एवढा साफ… डोकं कसं चालत नाही हो तुमचं?"

त्याने ओले हात उगाचच दोनदा पुसले. "मी फारसा शिकलेलो नाही."

"मी परीक्षा घ्यायला आलेय का?"

"तिकडे… प्रती काढायला माणूस लागत असेल ना?"

"लागतो. विचारून ठेवलंय मी."

"मग मी येऊ तुमच्याबरोबर? म्हणजे… कायमचा?"

"किती वेळ लावलात!" ती म्हणाली. डोळे भरले होते, आणि हसतही होती.

एकतीस वर्षं ती आल्यागेल्याला ही गोष्ट सांगायची. आता त्यालाच सांगावी लागते. लोक हसतात, पण तिच्यासारखी त्याला रंगवता येत नाही.