टाळी न वाजवता

"कानातलं काढा."

हे त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य. ना ओळख, ना नमस्कार.

पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करणं हे माझं काम. त्या सकाळी नेहमीसारखी काचेच्या खोलीत शिरले, हेडफोन चढवला आणि समोर बघते तर काय, काचेपलीकडे, सगळं ऑफिस ज्यांना मामा म्हणतं त्या आमच्या रेकॉर्डिंगवाल्यांच्या खुर्चीत भलताच माणूस. बाह्या दुमडलेल्या, केस पावसानं ओले, नजर कॉम्प्युटरच्या पडद्यावर.

"डावीकडचं वाजतंय," तो म्हणाला.

मोहरीएवढा खडा तो... वाजून वाजणार किती? मान हलवून पाहिली, मला काही ऐकू आलं नाही. पण काढलं. त्यानं मान वर न करताच अंगठा दाखवला, आणि मला उगाचच राग आला.

मामांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं होती, एकापाठोपाठ एक. ते परत येईपर्यंत हा बदली. मामांच्या खुर्चीत बसला म्हणून ऑफिसनं त्याला 'भाचा' करून टाकलं, आणि त्यानंही ते नाव मुकाट्यानं चालवून घेतलं.

आमच्या कामाची एक रीत आहे. वाचताना चुकलं की टाळी वाजवायची. पडद्यावर आवाजाच्या रेषेला उंच टोक येतं, आणि कापणाऱ्याला लांबूनच कळतं की इथं कात्री लावायची. मी या रीतीचा जरा गैरफायदा घेते. एखादं वाक्य घशाखाली उतरलं नाही की टाळी वाजवते, मनातलं बोलून टाकते आणि पुढं वाचायला लागते. "तुझी मतं कापण्यातच माझा अर्धा दिवस जातो गं," असं मामा म्हणायचे.

भाच्यासमोर वाचलेलं पहिलं पुस्तक प्रेरणेचं होतं. पहाटे उठा, आयुष्य बदलेल, हे प्रत्येक प्रकरणात नव्यानं सांगणारं. तिसऱ्या प्रकरणात माझा धीर सुटला. टाळी.

"आमचा दूधवाला जन्मभर पहाटे उठतोय. त्याचं आयुष्य कधी बदलणार, ते विचारून सांगा कुणीतरी."

हेडफोनमध्ये हसू फुटलं. दाबलेलं, नाकातून आलेलं. मी वर पाहिलं. पहिल्यांदाच त्याची नजर पडद्यावर नव्हती.

चहाच्या वेळी तो आपणहून शेजारी येऊन बसला.

"आवडलं नाही ना पुस्तक?"

"पुस्तक कुठंय ते? सुविचारांची मोळी आहे नुसती."

"माझ्या बाबांना मी असंच एक ऐकवायचो," कप हातात फिरवत तो म्हणाला. "अर्धांगाचा झटका आला होता त्यांना. उठा, तुम्हाला जमेल, उठा... मोळीच. पण घरात त्यांना 'उठा' म्हणायची आमची कुणाची हिंमत होत नव्हती. परक्या माणसानं म्हटलं म्हणून चाललं."

"मग... उठले?"

"काठी घेऊन. आता त्या लेखकालाच नावं ठेवत अंगणात फिरतात."

मी हसले. माझं मत काही बदललं नाही. पुस्तक कच्चं ते कच्चंच. पण उरलेली प्रकरणं वाचताना समोर कुणीतरी पलंगावर पडलंय, असं धरून मी वाचलं. त्या दुपारी एकदाही टाळी वाजवली नाही. निघताना तो म्हणाला, "आज लवकर सुटलो तुमच्यामुळं," आणि छत्री उघडेपर्यंत दारात रेंगाळला.

मग भांडण रोजचंच झालं. वडील गेल्यावर त्यांचं घर आवरणाऱ्या मुलीची कादंबरी मला फार आवडली, कारण तिच्यात शेवटपर्यंत कुणी शहाणं होत नव्हतं. भाच्याचं म्हणणं, लेखकाचा जीव माणसांपेक्षा कपाटांवरच जास्त होता. बेकरी बुडालेल्या एका बाईचं आत्मकथन मात्र आम्हा दोघांनाही भावलं. अपयशाला यशाची पायरी वगैरे न म्हणता ती सरळ अपयश म्हणत होती. दोघांचं एकमत झालं आणि त्या दिवशी चहा बेचव लागला.

"तुम्ही इतकं वाचता कधी?" मी एकदा विचारलं.

"वाचत नाही. ऐकतो. तुमच्याकडून." मग जरा थांबून, "तुम्हाला एखादं वाक्य पटलं नाही ना, की टाळीच्या आधी तुमचा श्वास बदलतो."

"माझा श्वास ऐकत बसता?"

"त्याचाच तर पगार मिळतो."

मी चिडल्यासारखं केलं. घरी जाऊन आरशासमोर उभी राहिले आणि श्वास घेऊन पाहिला. वेडेपणा, दुसरं काय.

पावसाळा ओसरत आला, तेव्हा एक प्रेमाची कादंबरी आली. शेवटच्या प्रकरणाच्या सकाळी भाचा म्हणाला, "पुढच्या सोमवारी मामा येतायत."

"आणि तुम्ही?"

"एका नाटक कंपनीनं विचारलंय. त्यांच्याबरोबर गावोगाव फिरायचं, आवाजाचं सगळं मी बघायचं. सहा-आठ महिने तरी. लहानपणापासून हेच करायचं होतं मला."

"अरे वा," मी म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले, "अरे वा."

आणि आत जाऊन वाचायला काय मिळावं? नायक परदेशी निघतो. नायिका बसथांब्यावर उभी. शेवटचं वाक्य: 'तिने काहीच विचारले नाही, तिला सारे उमजले होते.'

"काय उमजलं होतं, कपाळ?" मी म्हणाले. "बोल की बये. म्हण... जाऊ नकोस."

टाळी वाजवायचं भानच राहिलं नाही. पर्स उचलली आणि कुणाकडं न बघता बाहेर पडले.

नवं पुस्तक यायचं होतं, म्हणून मी घरीच. आठवड्याभरानं संपादिकाबाईंचा फोन. त्या ओरडत नाहीत, सावकाश बोलतात, आणि ते जास्त लागतं. रेकॉर्डिंग मंजुरीसाठी लेखिकेकडं गेलं होतं, जसंच्या तसं. "माझ्या नायिकेला शेवटी 'बये' म्हणणारी ही कोण, असं विचारतायत त्या. शनिवारी येऊन शेवट पुन्हा वाच. आणि मतं घरी ठेवून ये."

शनिवार. त्याचा शेवटचा दिवस.

"कापलं कसं नाहीत?" मी आत बसत विचारलं.

"टाळी नव्हती."

"टाळी नव्हती म्हणून 'बये' कादंबरीत खपून जाईल असं वाटलं?"

"नाही." त्याचे कान लाल झाले होते. "कापायला म्हणून उघडायचो... आणि ऐकून बंद करायचो. म्हटलं उद्या कापू. मग पाठवायचा दिवस आला आणि... तसंच गेलं."

मी हेडफोन चढवला. शेवट वाचला, जसा लिहिलाय तसा. नीट वाचला. आणि वाचताना जाणवलं, नायिका त्याला अडवत नाही यात लेखिकेचं काही चुकलेलं नाही. त्याला जायचंच होतं. तिनं अडवावं कशाला? चुकतंय ते वेगळंच.

वाचन संपलं की खोलीची शांतता घ्यायची असते. कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. नुसत्या खोलीचा आवाज मुद्रित करायचा. वाक्यांमधल्या फटी भरायला तो लागतो. त्यानं बोट वर केलं. लाल दिवा लागला. तो काचेपलीकडे, मी अलीकडे. पडद्याकडं तो बघत नव्हता, मीही नाही. ही शांतता संपली की तो सामान आवरणार, मी छत्री उचलणार, आणि दोघं अगदी समजूतदारपणे एकमेकांना 'अरे वा' म्हणणार.

"जाऊ नकोस, असं म्हणणार नाही मी," मी म्हणाले.

तो दचकला. दिवा लालच होता.

"त्या नायिकेला सल्ला द्यायला मी निघाले होते, पण तो चुकीचा होता. तुला नाटकाचं वेड आहे, तू जायलाच हवंस. पण गप्प राहायचं तिला काही कारण नव्हतं." माझा आवाज कापत होता, आणि ते त्याला माझ्याआधी कळलं असणार. "तू मला आवडतोस. तुझ्याशी भांडल्याशिवाय आताशा पुस्तक संपल्यासारखंच वाटत नाही. म्हणून जा... आणि परत ये."

हेडफोनमध्ये त्याचा आवाज, अगदी हळू.

"टाळी वाजवायची राहिली तुझी."

"राहिली नाही."

त्यानं हेडफोन काढला. उठला. वळसा घालून आला, जड दार ढकललं आणि एकाच माणसासाठी बांधलेल्या त्या खोलीत कसाबसा उभा राहिला.

"पहिल्या दिवशी," तो म्हणाला, "कानातलं वाजत होतं, पण अगदी थोडं. मामांनी सोडून दिलं असतं. तू वर बघशील म्हणून म्हणालो... आणि मग माझीच वर बघायची हिंमत झाली नाही."

"आता बघ," मी म्हणाले.

त्यानं पाहिलं. माझा हात हातात घेतला, आणि आम्ही दोघंही काही बोललो नाही. लाल दिवा बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी मामांनी मला बोलावून घेतलं. डोळ्यांवर काळा चष्मा, कानांवर हेडफोन.

"ही शांतता कुणी घेतलीय? ऑपरेशन डोळ्यांचं झालंय गं माझ्या, कानांचं नाही. खोलीत दोन माणसं आहेत."

मी खाली मान घालून उभी.

"आधीचं मी काही ऐकलेलं नाही," त्यांनी न विचारताच सांगून टाकलं. मग पडद्याला नाक लावून रेषा निरखत म्हणाले, "पण कापू कुठनं? टाळीच दिसत नाही कुठं."

"कापायचं नाहीये मामा."

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, मला खोलीबाहेर घालवलं, आणि पुस्तकासाठी एकट्यानं बसून नवी शांतता घेतली.