पाचवा स्पीकर

दिवा राहू द्या रे, मालवू नका. आणि आधीच सांगतो, ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मेहुण्याचा जिगरी दोस्त आहे ना, त्याच्यावर ओढवलेली आहे. लोकांच्या घरी बिनतारी स्पीकर जोडून द्यायचा त्याचा धंदा, म्हणून आम्ही त्याला मुद्दाम तारवाला म्हणतो.

तारीख अकरा, गुरुवार. अमावस्या वगैरे काही नव्हती, उगाच मीठमसाला लावत नाही. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी तारवाला एका निवृत्त नर्सबाईंच्या घरी पोचला. दुमजली घर, त्यात बाई एकट्या. मुलानं परदेशी जाण्याआधी चार खोल्यांत चार स्पीकर बसवून दिलेले. आठवडाभर आवाज सारखा तुटत होता.

"उद्या सकाळी आलो असतो की, मावशी," तारवाला म्हणाला.

"आजच करा. आवाज नसला की मला..." बाई तिथंच थांबल्या.

एकटं माणूस, करमत नसेल, असं समजून तो कामाला लागला. वायफायचा राउटर लोखंडी कपाटाच्या मागं कोंबलेला होता. तो त्यानं काढून कपाटावर ठेवला. मग चारही स्पीकरांच्या जुन्या जोडण्या पुसून ते कोरे केले आणि नव्यानं जोडायला घेतले.

आता त्याची एक खोड ऐका. गिऱ्हाईकाच्या फोनवर खातं उघडा, पासवर्ड आठवा, यात अर्धा तास जातो. म्हणून हा शहाणा आपल्याच फोनवर, आपल्याच खात्यात स्पीकर जोडायचा आणि सगळं चाललं की निघताना काढून टाकायचा. त्याच खात्यात त्याच्या घरचाही एक स्पीकर होता. सहा वर्षांची मुलगी त्यावर गोष्टी ऐकत झोपायची.

त्या रात्री यादीत, घरचा सोडून, स्पीकर आले पाच.

"मावशी, पाचवा कुठाय?"

"चारच आहेत."

"शेजाऱ्यांचा दिसतोय." तो फोन घेऊन अंगणात गेला. पाचव्याचा सिग्नल एक काडी. आत आला, दोन काड्या. म्हणजे घरातच होता. त्यानं चाचणीचा आवाज सोडला. टुंग! हॉलमधून आला. स्वयंपाकघरातून आला. वरच्या दोन्ही खोल्यांतून आला. पाचव्याचा मात्र कुठंच आला नाही.

त्यानं चारही प्लग उपटले. घर एकदम गप्प झालं.

यादीतून चार नावं गेली. पाचवं राहिलं.

तो जिन्यापाशी उभा होता. जागचा हलला नव्हता. तरी काड्या वाढल्या. तीन.

"प्लग लावा," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

"थांबा हो, आत्ता सापडतोय."

"लावा म्हणते ना! शांत झालं की ते जवळ येतं."

चार.

बाईंनी औषधांचा डबा ओढला आणि गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं मोठमोठ्यानं वाचायला लागल्या. हातानं त्याला, तुम्हीही बोला, असं खुणावत होत्या, चष्मा नाकावरून घसरत होता, पण वाचणं थांबेना. रोज रात्री त्या हेच करत असणार, हे तारवाल्याला तेव्हा कळलं.

पाच काड्या. पूर्ण.

इतका सिग्नल म्हणजे हातभर अंतर. समोर भिंत. मागं... मागं त्यानं पाहिलं नाही.

टुंग.

कानाशी. अगदी कानाशी. त्यानं बटण दाबलं नव्हतं.

त्याची पाचावर धारण बसली. धडपडत त्यानं एकेक प्लग खोचला, हाताला लागलं ते गाणं लावलं. घर आवाजानं भरलं. फोन पाहिला तर पाचवा यादीतून गायब! सुंठीवाचून खोकला गेला म्हणून त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

"गेला, मावशी."

"कुठं गेला?"

पिशवी उचलून तो पळालाच. खात्यातून स्पीकर काढून टाकायचं त्या घाईत राहूनच गेलं.

दहा पस्तीस. चौकात गाडी थांबली आणि खिशात फोन थरथरला.

'घर : नवीन स्पीकर जोडला.'

त्यानं बायकोला फोन लावला.

"अगं, बाळी झोपली?"

"केव्हाच. गोष्ट संपली, आत्ताच स्पीकर बंद करून आले."

"चालू कर! परत चालू कर!"

"ओरडतोस काय? उठेल ना ती."

"मग तू बोल... काहीही बोल... तिच्या खोलीत जाऊन बोलत राहा!"

"अरे, पण झालंय काय?"

तो सांगणार, एवढ्यात पलीकडून, बायकोच्या मागून, ऐकू आलं.

टुंग.

लाल सिग्नल तोडत तो घरी कसा पोचला, त्याचं त्याला ठाऊक. बायको पोरीला छातीशी धरून तिच्या पलंगावर बसली होती आणि पाढे म्हणत होती. का, ते तिलाही सांगता येईना. पोर सुखरूप होती, झोपेतच होती. तारवाला तिथं ढसाढसा रडला. खातं त्यानं त्याच रात्री पुसून टाकलं, घरचा स्पीकर फळीवरून काढून नदीत फेकला.

आज तारवाल्याच्या घरी रात्रभर कुणीतरी जागं असतं आणि काहीतरी वाचत असतं. नवरा थकला की बायको, बायको थकली की नवरा.

परवा मी गेलो होतो. पोरीच्या पलंगाच्या वर भिंतीला ती रिकामी फळी आहे, स्पीकर असायचा ती. तिच्यावर धूळ आहे, कारण तिकडं हात लावायला दोघंही धजत नाहीत. त्या धुळीत, उशीच्या बरोब्बर वर, वाटीएवढी जागा गोल, स्वच्छ. कुणी काही नुकतंच ठेवून उचलावं तशी.

मी बोट टेकवलं.

गरम होती.