उमरच्या जीपचा ऑइल पाईप

तांब्याचं वापरलेलं वायसर पुन्हा बसवायचं असेल तर आधी ते गॅसवर लाल करायचं आणि मग पाण्यात सोडायचं. तांबं मऊ पडतं, बोल्टखाली नीट दाबलं जातं, ऑइल गळत नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं की दर वेळी नवीन वायसर वापरा. पुस्तक लिहिणाऱ्याला रविवारी दुपारी लोणावळ्यात स्पेअरचं दुकान उघडं सापडत असेल. आम्हाला चिक्कीची दुकानं सापडतात.

आमच्या घरात वायसर भाजायचं काम जैनब करायची. जैनब म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, उमरची बायको. चपातीच्या चिमट्यात वायसर धरून ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "भाई, हे भाजलं. आता जेवण करू, का अजून लोखंड शिजवायचंय?"

जीप उमरची. आमचं गॅरेज तुंगार्लीत, घराला लागूनच, वर पत्रा. तिथे त्यानं ती भंगारातून उभी केली. सांगाडा एका गाडीचा, इंजिन दुसरीचं, टर्बो तिसरीचा. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर फिरणारा पंखा. तो इतका जोरात फिरतो की ऑइल मिळालं नाही तर त्याचा दांडा बघता बघता जळतो. ते ऑइल नेणारा पाईप करंगळीएवढा. तीन गाड्यांची मोट बांधल्यामुळे बाजारातला कुठलाच पाईप बसेना, म्हणून उमरनं तो स्वतः वाकवून, डाग मारून बनवला होता.

टर्बोच्या गाडीला एक शिस्त लागते. घाट चढून आलात की लगेच किल्ली फिरवायची नाही. थोडा वेळ इंजिन नुसतं स्लोवर चालू ठेवायचं. नाहीतर तापलेल्या टर्बोजवळ पाईपातलं ऑइल जागच्या जागी शिजतं, त्याचा कोळसा होतो आणि पाईप तुंबतो. उमरला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण फाटकातून आत आला की गाडी बंद, उडी, आणि "जैनब!"

"अरे गाढवा, तिला श्वास तरी घेऊ दे!" मी गाडीच्या बाजूनं बोलायचो.

"भाई, सकाळपासून बायकोचं तोंड बघितलं नाही. आधी माझा श्वास."

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी पवनेकडून परत येताना बेडशाच्या फाट्यावर तो पाईप डागापाशी फुटला. उमरनं सगळं बरोबर केलं. इंजिन बंद केलं, जीप रस्त्याच्या पार खाली घेतली, बॉनेट उघडलं, मला फोन केला. "पाईप घेऊन ये," म्हणाला. मी निघालो. मी पोचायच्या आधी धरणावर मजा मारायला निघालेली एक गाडी रस्ता सोडून त्याच्यावर आली. ती चालवणारा दुसऱ्या दिवशी आपल्या घरी जेवला. वर्तमानपत्रात 'मद्यधुंद पर्यटक' एवढंच आलं. नाव नाही. माझ्या भावाचं मात्र वयासकट होतं.

जैनब इद्दतीत बसली. नवरा गेलेल्या बाईनं ठराविक मुदत घरातच काढायची. सुरमा नाही, अत्तर नाही, भारी कपडे नाहीत. ती मागच्या खोलीत बसायची. त्या खोलीच्या खिडकीतून गॅरेज दिसतं. वय सव्वीसही नाही. फार्मसीचं शेवटचं वर्ष अर्धवट. तिचा भाऊ तळेगावला असतो, तो म्हणाला की इद्दत संपली की मी तिला नेतो, कॉलेज पुरं करू दे. मला ते मनापासून पटलं. पोरीनं जगावं, एवढंच आता आमच्या हातात उरलं होतं.

जीप ओढून आणली होती. चेपलेली बाजू मी ठोकून सरळ केली. कशासाठी, विचारू नका. भावाच्या हातचं काम बंद पडलेलं बघवत नव्हतं, बस्स. वरून तारेची जाळी विणलेला नवीन पाईप बनवून घेतला. वायसर जैनबनंच भाजून दिलं, न बोलता. पाईप जोडला, एकदाच इंजिन चालू केलं, चांगलं स्लोवर ठेवून बंद केलं, आणि जीपवर ताडपत्री टाकली.

साधारण आठवड्याभरानं संध्याकाळची, मगरिबची नमाज पढून मी आणि अब्बा मशिदीतून परत आलो तेव्हा गॅरेजमध्ये जळक्या ऑइलचा वास होता. ताडपत्रीखाली हात घातला. बॉनेट कोमट लागलं. म्हटलं, पत्र्याचं ऊन. पण जानेवारीचा महिना होता, तळ्याकडून गार वारा सुटला होता, आणि शेजारी उभी असलेली गिऱ्हाइकाची गाडी थंडगार होती.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी बॅटरी काढून घरात ठेवली. त्या संध्याकाळी परत आलो तर बॉनेटवर हात ठेववेना. आतून टिक टिक असा आवाज येत होता, लोखंड निवताना येतो तसा.

मी भुताखेताच्या गोष्टींवर हसणारा माणूस आहे. घाटात बाई दिसते म्हणणाऱ्यांना मी तोंडावर सांगतो की कमी प्या. म्हणून मी पाईप काढला. म्हटलं, पाईप खोटं बोलणार नाही. एका टोकानं फुंकर मारली. हवा पलीकडे गेली नाही. तार घातली तर काळा, कडक कोळसा भुगा होऊन तळहातावर पडला.

कामशेतचा सुहास टर्बोचं काम करतो. त्याला पाईप दाखवला.

"कोणाचा हा पराक्रम?" तो हसायला लागला. "वर्षभर घाट चढवलाय आणि रोज आल्या आल्या बंद केलंय. असा कोळसा एका दिवसात नाही होत."

"पाईप नवीन आहे, सुहास. गाडी हललेली नाही."

"सकाळी सकाळी गंमत करता का?" तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. त्यानं पाईप साफ करून दिला, आणि परत देताना फडक्यात गुंडाळून दिला.

घरी येऊन मी तो परत बसवला. त्या दिवशी मगरिबनंतर मी सरळ जैनबच्या खोलीपाशी गेलो. दार उघडं होतं. ती खिडकीशी बसली होती. गाल बसलेले, मनगटं काडीसारखी. ती दिवसभर काही खायची नाही. पण डोळ्यांत सुरमा होता, ताजा.

"जैनब, हे काय?"

तिनं ओढणी पुढे ओढली. लाजली. विधवा झालेली पोर नव्या नवरीसारखी लाजली.

"भाई, मी सांगते त्यांना," ती हळू आवाजात म्हणाली. "लगेच बंद नका करू, भाई ओरडतील. ऐकत नाहीत."

मी तिथे उभा राहू शकलो नाही.

अब्बांना सांगितलं. आमचे अब्बा, ताजुद्दीन मिस्त्री, म्हणजे लोणावळ्यात रेल्वेच्या लोकांपासून बंगलेवाल्यांपर्यंत सगळे ज्यांच्या शब्दाला मान देतात ते. मला वाटलं शिव्या घालतील, मौलवींना बोलावतील. ते तस्बीह फिरवत बसले होते. मण्यावरचं बोट थांबलं.

"मला म्हाईत हाय."

"मग?"

"मग काय? पोरगा घरी येतोय. तुझ्या बापाचं काय गेलं?"

"अब्बा, ती पोर मरतेय. अंगावर मांस राहिलं नाही तिच्या. इद्दत संपत आली, तळेगावला जायचं नाव काढत नाही. ती त्याच्यासाठी बसून राहणार, आणि अशीच सुकून जाणार. उमरला चाललं असतं का हे?"

अब्बांनी तस्बीह खाली ठेवली. मग म्हणाले, "मी एकदा मशिदीत न जाता थांबणार होतो. माझ्याच्यानं झालं न्हाई. तुला जे करायचं ते कर. मला सांगू नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाईप काढला. दोन्ही बोल्ट, दोन्ही वायसर. ऑइल जायची वाटच ठेवली नाही.  मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होतो. झालं ते झालं, उमर. तुला मारणारा मोकळा फिरतोय, त्याच्या घरी जा ना. हिला सोड.

त्या संध्याकाळी अब्बा एकटेच मशिदीत गेले. मी गॅरेजमध्ये स्टुलावर बसलो, पाईप मांडीवर.

अजान झाली.

जीप माझ्यासमोर होती. ताडपत्री हलली नाही. वास नाही, आवाज नाही. मागच्या खिडकीत जैनबची सावली होती.

फोन वाजला. अनोळखी नंबर.

"तन्वीरभाऊ का?" म्हाताऱ्या बाईचा आवाज. "मी भागुबाई, बेडशाच्या फाट्यावं चहाची टपरी लावलीया, नवीनच. हितं एकाची गाडी बंद पडलीया. तुमाला निरोप द्या म्हंतोय. पाईप घिऊन या म्हनं."

"कुठली गाडी?"

"जीप हाय. हिरवी."

हिरवी जीप माझ्यासमोर उभी होती. हात लांबवला असता तर लागली असती.

"मावशी, त्यालाच द्या ना फोन."

ती कुणाशी तरी बोलली. मग म्हणाली, "न्हाई म्हंतोय. लय घाईत हाय जनू. चहा दिला, तर कप निस्ता धरून उभा ऱ्हायलाय. बायकू वाट बघती म्हंतोय. येताय न्हवं?"

खिडकीतली सावली उठून उभी राहिली होती.

मी फोन बंद केला.

मी गेलो नाही. कुणी मला काही म्हणो. माझा भाऊ रस्त्याच्या कडेला उभा राहून पाईप मागत होता, पाईप माझ्या मांडीवर होता, आणि मी गेलो नाही. एक जिवंत माणूस वाचवायचं होतं. तोंडात बोळा कोंबून मी त्या स्टुलावर रडलो.

सकाळी जैनबच्या डोळ्यांत सुरमा नव्हता. रडून रडून धुऊन गेला होता.

"आले नाहीत," ती म्हणाली.

"नाही येणार आता."

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं असावं.  इद्दत संपल्यावर तिचा भाऊ आला, तेव्हा ती निमूटपणे त्याच्याबरोबर गेली. अब्बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. अजूनही फारसं बघत नाहीत.

नंतर मी एकदा फाट्यावर गेलो. भागुबाईला विचारलं.

"लय वाट बघितली तुमची," ती तुटकपणे म्हणाली. "मग गेला चालत."

"लोणावळ्याकडे?"

"न्हाई. काई दिस हितंच घुटमळत हुता. मग ती पोरगी माहेरी गेली न्हवं, आसं कायतरी बोलला, आन् कामशेतकडं गेला."

जैनब तळेगावला गेल्याचं मी या बाईला सांगितलेलं नव्हतं.

मी घरी आलो आणि कामाला लागलो. तळेगावहून चांगल्या बातम्या येत होत्या. जैनब कॉलेजला जाते. जैनब दोन घास जेवते. एकदा सुहास म्हणाला की तळेगावच्या वाटेवर, वडगावच्या अलीकडे त्याला उमरसारखा कुणीतरी चालताना दिसला, पण अंधारून आलं होतं, असतात सारखी माणसं. मी म्हटलं, असतात.

काल जैनबचा फोन आला. गेल्यापासून पहिला. आवाज मोकळा, आधीसारखा. गॅसवर काहीतरी रटरटत होतं.

"भाई, कसे आहात? अब्बांचा गुडघा?"

"बरा आहे. तू कशी आहेस?"

"मी छान. भाई, एक काम होतं. त्यांच्या चपला आहेत का हो घरात? किंवा ते काळे बूट?"

 उमरचे कपडे, बूट, सगळं आम्ही चाळिसाव्यालाच गरिबांना वाटून टाकलं होतं.

"नाही गं," मी म्हणालो. "काहीच ठेवलं नाही आम्ही."

पलीकडची रटरट थांबली; तिनं गॅस बंद केला. रागावली नव्हती. नुसती विचार करत होती.

"बरं, असू दे," ती म्हणाली. "पाय फार फुटलेत त्यांचे. मी मीठ घालून गरम पाणी ठेवलंय."