खिंडीतली वही

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते, आणि मी ब्रेक इतक्या जोरात दाबला की मागच्या नऊ बॅगा एकमेकींवर कोसळल्या.

मे महिना होता. भुरभुर पाऊस, आणि यावोर गावाच्या वरचं ते अवघड वळण. रस्त्याच्या मधोमध एक उंच माणूस हात वर करून उभा. मी काच खाली केली.

"कुठे... कुठे लागलंय? बसा आत, दवाखान्यात—"

"रंग आहे," तो म्हणाला.

"काय?"

"रंग. वाटेवरच्या खुणांचा. डबा सांडला अंगावर."

माझा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ रागही आला. "मग असे हात वर करून का उभे राहता रस्त्यात? माझा प्राण गेला असता!"

"खाली घेतले तर पँटला लागतात ना," तो अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाला.

मला हसू आलं. नको तेव्हा येतं मला. मी दार उघडलं आणि तो हात तसेच वर धरून बॅगांच्या मधे बसला. दोन मिनिटांनी म्हणाला, "एक विचारू? गाडीत काय मेलंय?"

"मोहांत आहे, उग्र वासाचं. मावशीनं केलेलं चीज. स्कालाला पोचवायचंय."

"हां, मग ठीक आहे. मला वाटलं, एखादा पाहुणा मागे राहिला."

हा यर्नेय. पलीकडच्या खोऱ्यातला. आमच्या लोइझकाकांचे गुडघे गेल्यामुळे गिर्यारोहण मंडळानं वाटांच्या खुणा रंगवायचं काम त्याच्याकडे दिलं होतं. खडकावर, झाडावर लाल कडं आणि मधे पांढरा ठिपका. ते दिसत राहिलं की माणूस चुकत नाही.

माझं काम वेगळं. यावोरमध्ये झोफ्का मावशीचं अतिथिगृह आहे. गावोगाव पायी हिंडायला येणारे पाहुणे रात्री आमच्याकडे उतरतात, सकाळी पाठीवर छोटी पिशवी टाकून खिंड चढतात आणि दुपार उलटल्यावर पलीकडे स्कालाला पोचतात. त्यांच्या जड बॅगा मी गाडीतून डोंगराला वळसा घालून नेते. त्यांना सहा तास लागतात, मला चाळीस मिनिटं. म्हणजे बॅग आधीच तिथे हजर आणि तिचा मालक डोंगरात. ते तास मला कधीच सोसले नाहीत. मी बॅगांशेजारी बसून खिंडीकडे बघत राहते. पाऊस आला की काळजी, ऊन वाढलं की काळजी. मावशी म्हणते, "काळजी करायचे पैसे मिळाले असते तर तू एव्हाना आपलं अख्खं बोहिन्य खोरं विकत घेतलं असतंस."

खिंडीत एका मोठ्या दगडाला लोखंडी पेटी ठोकली आहे. आत वही असते आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. वहीत तीन रकाने: नाव, कुठून आलात, कुठे निघालात. कुणी वेळेवर पोचलं नाही तर शोधायला जाणारे आधी ती वही उघडतात. त्यामुळे त्या वहीत थट्टामस्करी करणं आमच्याकडे जवळजवळ पाप. ते आम्ही दोघांनी उन्हाळाभर केलं.

सोमवारी बॅगा नसतात, म्हणून मी वाट बघून यायला वर जायची. तो शुक्रवारी जायचा. जूनमध्ये एकदा वहीत दिसलं— यर्नेय. कुठून: खालून. कुठे: अजून ठरलं नाही.

मी खाली लिहिलं: ज्याला स्वतःचं ठरत नाही तो लोकांना वाट दाखवतो, वा!

पुढच्या सोमवारी उत्तर हजर: ज्यांच्या गाडीत काहीतरी मेलेलं असतं त्यांनी बोलू नये.

मग ते चालूच राहिलं. तो मधूनच चहाला अतिथिगृहात टेकायचा. समोर बसला की मला काही सुचायचं नाही— मी कपबशा पुसत राहायची, पुसलेल्याच परत पुसायची. त्याच्या नखांच्या कडांना लाल रंग असायचा, तेवढंच बघायची. एकदा तो म्हणाला, "तुझा फोन नंबर आहे माझ्याकडे. पण करत नाही."

"का?"

"वहीत तू जास्त बोलतेस."

"मग नकोच करू," मी म्हणाले. "आपल्याला वही पुरे."

हे सगळं गोड होतं आणि मला त्याची भयंकर भीती वाटत होती. अनोळखी माणसांसाठी माझा जीव रोज सहा तास टांगणीला लागतो. ह्याच्यासाठी एकदा लागला की तो जन्मभर लागणार. तो तर रोजच डोंगरात. म्हणून मी समोरासमोर काही बोलायची नाही. वहीतल्या वहीत सुरक्षित.

सप्टेंबरात गायी वरच्या कुरणांवरून खाली उतरतात, तेव्हा आमच्याकडे मेळा भरतो. गायींच्या शिंगांना फुलं, गळ्यात घंटा, अकॉर्डियन आणि गवतावरच नाच. यर्नेय स्वच्छ पांढरा सदरा घालून आला होता. हातही घासून घासून धुतलेले.

"पोलोना, एक नाच."

मी घड्याळ बघितलं. खरंच बघितलं— सवयच. "सहा बॅगा राहिल्यात रे स्कालाच्या..."

"बॅगा पळून जातायत का?"

"माणसं पोचतील आणि बॅगा नसतील तर—"

"अख्खा उन्हाळा थांबलोय मी," तो हळूच म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती. "वहीत फुलतेस आणि समोर आलो की घड्याळ बघतेस. लोकांच्या बॅगा तू बरोबर पोचवतेस, पोलोना. तू स्वतः मात्र कुठे पोचत नाहीस."

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. मी फणकाऱ्यानं गाडीत बसले आणि निघून गेले. पुढच्या सोमवारी वर गेले नाही. लिहू दे काय लिहायचं ते, वाचणारच नाही म्हटलं.

त्या शुक्रवारी सकाळी दोनच पाहुणे होते, हॉलंडचे. तिनेकेबाई सत्तरीच्या, त्यांचे यजमान वाउटर त्याहून थोडे मोठे. दोघं दणकट, वर्षानुवर्षं डोंगर हिंडणारे. मी त्यांना नेहमीचा कागद दिला: खिंडीतून घळीच्या वाटेनं स्काला. गुरुवारी दुपारनंतर पाऊस पडून गेला होता, आता नुसतं धुकं. बॅगा घेऊन मी बाराला स्कालाला पोचले आणि नेहमीसारखी बसले.

साधारण अडीचपर्यंत यायला हवे होते. आले नाहीत. लोइझकाका आता स्कालाला मुलीकडे राहतात. ते काठी टेकत आले आणि बॅगांकडे बघून म्हणाले, "अगं, आज कोण आहे वर?"

"हॉलंडचे दोघं. घळीच्या वाटेनं."

"घळीच्या?" काका उभेच राहिले. "पोरी, ती वाट बंद केली ना! दरड आली म्हणून. यर्नेय काल खुणा पुसत होता. खालच्या अर्ध्या पुसल्या, करडा रंग फासून. मग पाऊस आला. वरच्या आज पुसून 'वाट बंद'ची फळी लावणार होता. तुला सांगितलं नाही त्यानं?"

माझं धाबं दणाणलं होतं. म्हणजे वरून उतरताना अर्ध्या वाटेपर्यंत लाल कडी दिसणार, आणि मग धुक्यात एकदम काहीच नाही. घळीच्या बरोबर तोंडाशी.

मी यर्नेयला फोन लावला. पहिल्यांदाच. लागत नव्हता, डोंगरात लागतच नाही. "काका, बचाव पथकाला कळवा. सांगा, पोलोना खिंडीकडून जातेय," एवढं बोलून मी गाडी काढली. स्कालाकडून घळ चढायला खुणाच उरल्या नव्हत्या, म्हणून वळसा घालून यावोर, आणि तिथून पायी वर. ती दीड तासाची चढण मी किती वेळात चढले मला माहीत नाही. डोक्यात एकच— दोघांचे चेहरे, आणि मी दिलेला तो कागद.

खिंडीत कुणी नव्हतं. धुकं इतकं की पेटीचा दगडही हाताला लागल्यावर दिसला. वही उघडली. आधी गेल्या शुक्रवारची नोंद, त्याच्या अक्षरात: "पोलोना, पुढच्या आठवड्यात घळीची वाट पुसतोय. तुझे पाहुणे वरच्या कुरणावरून पाठव. आणि मेळ्यात बोललो त्याबद्दल..." पुढे काहीतरी लिहून खोडलेलं.

सोमवारी मी आले असते तर वाचलं असतं. रुसून बसले होते!

खाली सकाळच्या वेळेसह वाउटर आणि तिनेके, कुठे: घळीतून स्काला. त्याच्या खाली, घाईत, पेन्सिल मोडेल इतकी दाबून लिहिलेलं: "यर्नेय, १.१०. हे दोघं जुन्या वाटेनं गेलेत. मागे जातोय."

एक वाजता गेलेला माणूस. आता पावणेपाच. आणि कुणीच वर आलेलं नाही.

मी खिंडीतून हाका मारल्या. धुकं सगळं गिळून टाकत होतं. खाली जायचं ठरलं होतं. आमच्याकडे कितीही घाई असली तरी लिहिल्याशिवाय कुणी निघत नाही. मी पेन्सिल घेतली. पोलोना. कुठून: यावोर. कुठे—

तिथे हात थांबला. "घळ" लिहायला हवं होतं. शोधणाऱ्याला ते कळलं असतं. पण मला खरं काय ते माहीत होतं, आणि माणसं शोधायच्या वहीत खोटं लिहायचं नाही. मी लिहिलं: यर्नेयकडे. घळीतून.

वाट उतरू लागले. वरची लाल कडी नीट होती. मग ती संपली आणि करडे धब्बे सुरू झाले, खडकाच्याच रंगाचे. मी थबकले. पुढे पाऊल टाकावं तर कुठे? एका खडकाला हात टेकला आणि हात ओला झाला. लाल. करड्या रंगाच्या बरोबर वर लाल फटकारा होता, कडं नाही, ठिपका नाही, नुसता घाईतला ब्रश. पुढच्या खडकावर दुसरा. त्याच्या पुढे तिसरा. कालच पुसलेली वाट त्यानं जाता जाता परत रंगवली होती, धुक्यातून त्या दोघांना घेऊन वर यायला सापडावी म्हणून. मी खडकांना हात लावत, रडत, हसत उतरत गेले.

"कोण आहे?" धुक्यातून आवाज आला.

"मी! बॅगांची..."

"मोहांतचा वास आला मला," यर्नेय म्हणाला. आवाज धापेनं तुटत होता.

मग ते दिसले. तिनेकेबाई त्याच्या पाठीवर, पाय मुरगळलेला. मागे वाउटर, एका हातात काठी, दुसऱ्या हातात रंगाचा डबा अगदी जपून धरलेला. दर दहा पावलांवर थांबत, टेकत ते वर येत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"माझी चूक," मी म्हणाले. "मी सोमवारी वर आले नाही."

"माझी," तो म्हणाला. "वही काय, वही! फोन करायला हवा होता."

"भांडण खिंडीत करू या का?" पाठीवरून तिनेकेबाई म्हणाल्या. "मला थंडी वाजतेय, आणि हा मुलगाही आता थकलाय."

उरलेली चढण आम्ही त्यांना दोघांच्या मधे धरून, एका पायावर आणली. खिंडीत त्यांना दगडावर बसवून मी माझा कोट त्यांच्याभोवती गुंडाळला, आणि फोनला जेमतेम जाळं मिळाल्यावर काकांना कळवलं. यर्नेय पेटीकडे गेला. सगळे परत आले की तसं लिहावं लागतं. त्यानं वही उघडली.

मला एकदम आठवलं. "थांब, ती..."

तो वाचत होता. दोनच शब्द, पण बराच वेळ वाचत होता. मग वळला. दोन्ही लाल हात वर धरलेले, मे महिन्यात धरले होते तसेच.

"हे खरं आहे?"

"त्या वहीत खोटं लिहीत नाहीत," मी म्हणाले. "मला भीती वाटते, यर्नेय. तू डोंगरात असलास की मला रोज भीती वाटणार. आजच्याइतकी. पण तुझ्याशिवायही आज वाटलीच की. मग तुझ्यासकटच वाटू दे. प्रेम आहे माझं तुझ्यावर."

तो एक पाऊल पुढे आला आणि थांबला. "रंग ओला आहे. लागेल तुला..."

"लागू दे. खाली घे हात."

माझ्या पांढऱ्या स्वेटरच्या पाठीवर उमटलेले दोन लाल पंजे पुढे मावशीनं सगळ्या गावाला दाखवले. त्या वेळी मला फक्त त्याची छाती धडधडताना ऐकू येत होती, माझ्यापेक्षाही जोरात. म्हणजे तोही घाबरला होता. मला फार बरं वाटलं. वाउटर सभ्यपणे धुक्याकडे बघत उभे होते.

"अरे, आम्ही पोचलो ते कुणीतरी लिहा," तिनेकेबाई म्हणाल्या.

यर्नेयनं एक हात सोडला, दुसरा तसाच ठेवला. वाउटर, तिनेके, स्वतः— तिघांच्या नावांपुढे 'परत' असं लिहिलं. मग माझ्या ओळीपाशी आला. तिथे त्यानं घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघून हसला आणि लाल बोटांनी लिहिलं: ५.४०. पोचली.