लेण्यांचं माप

पहिल्या भेटीत जगननं माझं नावसुद्धा विचारलं नाही. टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "हे त्या खांबाला लावून धरा. हलू नका."

मी बाबांची भाकरी घेऊन डोंगर चढून आले होते. बाबा सुतार. सरकारी मोजणीसाठी त्यांनी उंच शिडी करून दिली होती, ती नीट टेकलीय का ते बघायला रोज वर यायचे. आज ते पाण्याच्या टाक्याकडे गेलेले, आणि शिडीवर हा मोजणीवाला. कानावर पेन्सिल, केसांत जळमटं.

"किती आलं?" त्यानं वरून विचारलं.

"मला काय ठाऊक? मी भाकरी घेऊन आलेय."

"मग मघापासून धरलंत कशाला?"

"तुम्ही हलू नका म्हणालात म्हणून."

तो हसला. मला राग यायला हवा होता… आलाही, पण जरा उशिरा.

ते सत्तर साल. कोलाडजवळच्या आमच्या गावात डोंगरात कोरलेल्या त्या खोल्यांना कुणी लेणी म्हणत नसे. ती पांडवांची घरं, आणि मोठ्या घरातला गोल दगड म्हणजे भीमाची कणगी. जगन हे ऐकून कपाळाला हात लावायचा.

"कणगी नाय हो, स्तूप. भिक्षू त्याच्याभोवती फिरायचे. हे चैत्यगृह हाय."

"असेल. पण चैत्यगृहाचे खांब तुम्ही सरळ काढलेत. ते आत कललेत."

"डोळ्याला तसं वाटतं."

मी बाबांचा ओळंबा आणला आणि शिडीवर चढून खांबाच्या माथ्यापासून सोडला. दोरी सरळ खाली आली. खांबाचा पाय तिच्यापासून चांगला चार बोटं लांब.

"खचला असेल," तो म्हणाला.

"डोंगरातून अख्खा कोरलेला खांब खचतो कसा? छपराचा भार पेलायला लाकडी खांब असे कलते लावतात. हे लोक आधी सुतारकाम करत असणार. दगडाला गरज नव्हती, पण हाताला सवय होती."

त्यानं आठ दिवसांचे नकाशे बाजूला सारले आणि माझ्याकडे असा बघत राहिला, की मला छताकडे बघावं लागलं. तिथे दगडाचेच वासे कोरलेत, कशाचाही भार न पेलणारे. मी ते तीनदा मोजले.

पुढचे दोन महिने मी टेप धरली. आईनं पहिल्याच आठवड्यात त्याचं कूळमूळ विचारून घेतलं होतं. पेणच्या सुतारांतला, म्हणजे आमच्यातलाच. आई निवांत होती, वैताग काय तो माझ्या वाट्याला. चैत्यगृहाच्या दाराशी एक जोडपं कोरलंय, तिच्या खांद्यावर त्याचा हात. जगन म्हणायचा, "बघा, किती सहज ठेवलाय." मी म्हणायचे, "बघतेय." यापेक्षा अधिक एखाद्या मुलीनं काय म्हणायचं?

आणि मग काम संपत आलं. संपलं की त्याला औरंगाबादकडे पाठवणार होते. इकडे मला वरशाहून एक स्थळ आलेलं. मी त्याला ते सांगितलं. मुद्दाम, टेपचं टोक हातात असताना.

त्यानं कागदावरची रेघ पुरी केली. "हं… वरसे बरं गाव हाय," म्हणाला.

मी टेप तिथंच टाकली आणि दुसऱ्या दिवशी रोह्याला मावशीकडे निघून गेले. पुन्हा त्याचं तोंड बघायचं नाही, असं एस्टीत कोलाडपर्यंत ठरवलं आणि कोलाडच्या पुढे रडले.

आठवड्यानं आईचा निरोप आला, रविवारी सकाळच्या गाडीनं ये. आले तर अंगण सारवलेलं, पोहे भिजवलेले, शेजारची ठमाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी.

"नेस गो ही साडी. जगनचं कार्ड आलंय," आई म्हणाली. पोस्टमननं सगळ्या आळीला ते वाचून दाखवलं होतं. 'रविवारी थोरल्या साहेबांना घेऊन लेण्यांचं माप घ्यायला येतो. हौसाबाईंना थांबायला सांगावं.' हौसाबाई म्हणजे मी.

आईला लेणं म्हणजे एकच ठाऊक. लग्नात मुलीच्या अंगावर घालायचं, सोन्याचं.

"आये, अगो, लेणी म्हणजे ती पांडवांची…" इतकं म्हणेतो दोघं अंगणात आलेसुद्धा. आईनं साहेबांना पाट दिला, माझा हात पुढे ओढला आणि म्हणाली, "घ्या माप. पाटल्यांचं आधी."

साहेब जगनकडे बघू लागले. ठमाबाई हसू लागली. मी हात सोडवून घेतला आणि त्याला ओढतच मागच्या पडवीत नेलं.

"कार्डावर नीट लिहिता येत नाय? पांडवांची घरं लिहायचं. आता सगळ्या आळीत माझी शोभा."

"पाच कार्डं फाडली," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"कशाला?"

"लेण्यांचे दोन अर्थ होतात… ते मला ठाऊक होतं. तुमची आई कुठला घेईल तेही. माझी हिंमत डोंगरातल्या लेण्यांचं माप घेण्याएवढीच होती. म्हटलं, आईंनी दुसरा घेतला तर… मी नाय म्हणणार नाय."

मला, खरं सांगते, आनंदानं त्याला बदडावंसं वाटलं.

"म्हणजे मला मागणी घालायची, ती पोस्टमनकडून?"

"…व्हय."

"आणि मी नाय म्हटलं असतं तर?"

"तर मापं घेऊन गेलो असतो."

मी त्याच्या दंडाला धरलं आणि पुढच्या अंगणाकडे वळवलं. "ती आई बसलीय. जा, तोंडानं बोला. मी इथंच उभी हाय, हलणार नाय."