ज्योतीरामची मंडळी

तव्यावरची भाकरी करपून धूर खोलीभर झाला, तरी इंद्रायणीला वास आला नाही... चुलीपुढं बसल्या जागी ती दगड होऊन गेली होती! कानांत एकच वाक्य घोळत होतं. सकाळी तापानं फणफणलेल्या गोजीला, आपल्या रांगत्या लेकीला, पोटाशी धरून ती पहिल्यांदाच कंपनीच्या दवाखान्यात गेली होती. ‘कुणाच्या घरचं मूल?’ असं कंपाउंडरनं विचारलं, तेव्हा नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं कसं, या संकोचानं अर्धमेली होऊन ती ‘कोल्हापूरकडच्या डोंगरावर जो देव हाय, त्येच्या नावाचे’ असं काहीसं पुटपुटली होती. कंपाउंडरला हसू आलं होतं. “म्हणजे ज्योतीराम!” आणि मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. “पण बाई, ज्योतीरामच्या मंडळी तर मघाशीच सुई टोचून घेऊन गेल्या. गवराबाई. मग तुम्ही कोण?”

मग तुम्ही कोण! अग्निसाक्ष लग्न लागलेल्या बाईला परक्या माणसानं चारचौघांत हा प्रश्न विचारावा!

गवराबाई म्हणजे तिची थोरली जाऊ, ज्योतीरामच्या मयत भावाची बायको. कपाळ पांढरं, हात मोकळे, आणि गेल्या काही महिन्यांपासून छातीच्या दुखण्यानं पोखरलेली. चाकणजवळचं गाव सोडून ज्योतीराम पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला, तेव्हा इंद्रायणी बाळंतपणाला तळेगावला माहेरी होती. दिराच्या पोटाचे हाल नकोत म्हणून गवराबाई त्याच्याबरोबर आली, पिंपरी गावातल्या या भाड्याच्या खोलीत चूल मांडली... आणि आता कंपनीत तिचं नाव ‘मंडळी’ म्हणून लागलं होतं! गावाकडं मंडळी म्हणजे घरातली सगळी माणसं. पण पुण्याचे साहेब लोक बायकोला मंडळी म्हणतात, हे इंद्रायणीला चांगलं ठाऊक होतं. तळेगावला डॉक्टरांच्या घरी तिची आई भांडी घासायची, तिथं ती हे ऐकतच लहानाची मोठी झाली होती.

संध्याकाळी भोंगा झाला, आणि ज्योतीराम रोजच्यासारखा उंबऱ्यातूनच हाक देत आत आला, “काय मंडळी, झाली का जेवणं?”

इंद्रायणीच्या हातातलं उलथणं खाली पडलं. रोजचीच हाक, पण आज तिला वाटलं, ही नक्की कुणाला उद्देशून? तिनं मान वर करून पाहिलं. ज्योतीरामची नजर आधी मागच्या पडवीकडं गेली होती, जिथं गवराबाईचं अंथरूण असे.

संशय एकदा मनात शिरला की त्याला खायला फार लागत नाही. परवापर्यंत ज्या गोष्टी डोळ्यांआड होत होत्या, त्या आता एकेक करून पुढं येऊ लागल्या. ज्योतीराम पिंपरी कॅम्पातल्या दुकानातून अंडी आणतो, ती गपचूप पडवीत नेऊन देतो... बायको समोर आली की बोलता बोलता थांबतो... आणि तिनं दवाखान्याचं नाव काढताच हा माणूस चपलेचा अंगठा तुटल्याचं निमित्त करून बाहेर सटकतो! अपराध नसेल तर नजर चुकवायची कशाला?

शेजारच्या अंबुबाईंना तर अशा वेळी सुगावा लागतोच. पाण्याच्या हंड्याला हात देता देता त्या हळूच म्हणाल्या, “इंद्रायणे, तू भोळी हाईस गं. दीर-भावजय एका घरात, तू महिनोन्‌महिने म्हायेरी... आमी काय बोलायचं?” काही बोलायचं नव्हतं तरी अंबुबाई बराच वेळ बोलल्या.

एके सकाळी तिनं गोजीला कडेवर घेतलं आणि जावेच्या मागोमाग दवाखान्याचा रस्ता धरला. पुढं गवराबाई, तिच्या बरोबरीनं ज्योतीराम. दवाखान्याचं फाटक आलं, आणि गवराबाईनं डोईवरचा पदर असा काही ओढून घेतला की कपाळ झाकलं, नाक-तोंड झाकलं, नुसते डोळे उघडे राहिले! इंद्रायणीच्या काळजात कळ उठली. विधवेचं पांढरं कपाळ लोकांना दिसू नये म्हणूनच ना हा पदर? कंपाउंडरनं हाक मारली, “ज्योतीरामच्या मंडळी!” आणि गवराबाई हूं की चूं न करता उठून आत गेली.

आता विचारायचं तरी काय उरलं होतं?

त्याच दिवसांत कारखान्यावर मंदीचं सावट आलं. सत्तावन्न सालचं ते. परदेशातून येणारा माल अडकला, यंत्रं थांबली, तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, आणि रोज कुणा ना कुणाला घरी बसवल्याची बातमी येऊ लागली. दवाखान्याचा खर्चही आवरायचा ठरला. फाटकावर पाटी लागली, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही ती तोंडपाठ झाली: यापुढं औषधपाणी फक्त कामगाराची बायको, मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईबाप यांनाच! भाऊ, भावजय, बहीण, मेहुणे कुणी नाही. कुणी खोटी नावं लावली आहेत का, ते बघायला कंपनीचे उद्धवराव साहेब स्वतः घरोघर येणार होते, आणि ज्याच्या घरी लबाडी सापडेल तो कपातीत पहिला.

इंद्रायणीनं ते ऐकलं, आणि तिच्या मनात एक क्रूर समाधान दाटून आलं. येऊ दे साहेब! कुंकू लावून, ठसठशीत मंगळसूत्र दाखवून मी दारात उभी राहीन. मग बघू, मंडळी कोण ते.

पण साहेब येण्याच्या आदल्या संध्याकाळी तिला राहवलं नाही. गवराबाई मागं भांडी घासत होती. ज्योतीराम पाट ओढून जेवायला बसला, आणि तिनं त्याच्यापुढं ताट ठेवलंच नाही.

“अवं, एक इचारू? ह्या घरात तुमची बायकू कोण?”

ज्योतीरामचा चेहरा पांढराफटक पडला. “इंद्रायणे...”

“न्हाई, सांगाच! दवाखान्यात जाऊबाईंचं नाव पुकारत्यात. मी गेले तर म्हणत्यात, तुमी कोण? देवाबामणापुढं लगीन लागलं ते माझं का त्येंचं? मी म्हायेरी मरणाच्या कळा सोसत हुते, आन् तुमी हितं...” पुढचे शब्द हुंदक्यात बुडाले.

“आगं गप! त्या माऊलीच्या कानावर जाईल!” ज्योतीरामनं कपाळावर हात मारून घेतला. “तुला वाटतंय तसं काय बी न्हाई गं! कामावर लागलो तवा तिथल्या कारकुनानं इचारलं, मंडळींचं नाव काय? मला वाटलं, घरात संगं कोण हाय ते पुसतोय. तू म्हायेरी, घरात वहिनी. मी म्हटलं, गवराबाई. झालं! मला काय ठावं, ह्या लोकांत बायकूला मंडळी म्हणत्यात ते? कळलं तवा वहिनीच्या सुया सुरू झाल्या हुत्या. डाक्टर म्हणला, अंडी चारा, आन् सुया मधी थांबल्या तर बाई हातची जाईल. मी दुरुस्त करायला गेलो असतो, तर सुया बंद! न्हाई गेलो, तर मी लबाड! तुला सांगावं, तर तू...” तो थांबला. “उद्या साहेब येतील तवा मी पाळीवर असंन. तू खरं काय ते सांग. माझी नोकरी गेली तरी तुझ्यावर शब्द ठिवणार न्हाई.”

खरं असेल? की ऐन वेळी सुचलेली सोयीची गोष्ट? भोळेपणाची सोंगं पुरुषांना बरी जमतात! आणि तो पदर? तो कशासाठी ओढून घेतला होता? तिनं ताट वाढलं, पण घास कुणाच्याच गळ्याखाली उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योतीराम गेला. इंद्रायणीनं वेणीफणी केली, कुंकू कोरलं, आणि गोजीला शोधत मागच्या दाराशी आली... तिथंच तिची पावलं थबकली.

पडवीत गवराबाई राखेनं आपलं वेगळं ताट घासत बसली होती. गोजी उंबरा ओलांडून तिच्याकडं रांगत निघाली होती, दोन्ही हात पुढं करून, खिदळत. आणि गवराबाई मागं सरकत होती! पोर पुढं आली की ही मागं, आणखी मागं, पाठ भिंतीला टेकेपर्यंत. तिनं पदर ओढून तोंडावर घट्ट दाबला होता, तसाच, अगदी दवाखान्यात धरला होता तसाच! त्याच्यावरचे दोन डोळे पाझरत होते.

“न्हाई गं बाय, हिकडं नगं येऊस. माझा वारा नगं तुला. डाक्टरनं सांगितलंय, पदराबिगर शास बी सोडायचा न्हाई... जा माजी बाय, आयकडं जा!”

ज्या पोरीला कुशीत घ्यायला तिचा जीव तळमळत होता, त्या पोरीला तिनं आजवर एकदाही शिवलं नव्हतं... आणि आपण समजत होतो की हिला मुलाची माया नाही! इंद्रायणीच्या डोळ्यांवरचं सारं धुकं त्या एका क्षणात विरून गेलं. स्वतःच्या नीच मनाची तिला शरम वाटली. ह्या बाईच्या सुया मी बंद करायला निघाले होते! हिचा जीव घ्यायला नटून बसले होते!

तेवढ्यात गल्लीत अंबुबाईंचा आवाज आला, “साहेब, हेच ते ज्योतीरामचं घर!”

विचार करायला वेळ नव्हता. इंद्रायणीनं गोजीला उचलून पाटावर बसवलं, कुंकवाचा करंडा आणला, आणि जावेच्या पुढ्यात गुडघे टेकून तिच्या पांढऱ्या कपाळावर बोट ओढलं. दुसऱ्या हातानं ती आपल्या गळ्यातलं मंगळसूत्र काढू लागली.

“इंद्रायणे! येड लागलं का तुला?” गवराबाई किंचाळलीच.

“जाऊबाई, पाया पडते, बोलू नगा! कंपनीत तुमचं नाव त्येंची बायकू म्हणून लागलंय. चुकून लागलंय. साहेब आल्यात. एवढा येळ हे गळ्यात घाला. मी सांगते, मी त्येंची भैन हाय म्हणून. न्हाईतर तुमच्या सुया बंद हुतील वो!”

गवराबाईला आधी काही उमजेना. उमजलं, तेव्हा तिच्या तोंडावरचं उरलंसुरलं रक्त ओसरलं. “मी... त्येची बायकू? आगं माझ्या देवा! कडेवर खेळवला गं मी त्येला!” तिनं पदरानं कपाळ खसाखसा पुसलं, मंगळसूत्र इंद्रायणीच्या गळ्यात पुन्हा सारलं, आणि तीच पुढं होऊन दारात गेली.

केस पिकलेले उद्धवराव साहेब टोपी हातात धरून उंबऱ्याबाहेरच उभे होते. “यांत ज्योतीरामच्या मंडळी कोण?”

“आमी समद्याच त्येची मंडळी, साहेब,” गवराबाई दोन पावलं दूर राहून, पदराआडून म्हणाली. “पर तुमी इचारताय ती बायकू. ती ही, इंद्रायणी. मी त्येची वहिनी. पोराला तुमचा सबुद कळला न्हाई, लबाडी न्हाई केली त्यानं. माझ्या सुया आजपास्नं बंद करा. मी माघारी गावाकडं जाते. पर त्येची भाकरी काढू नगा.”

“जाऊबाई!” इंद्रायणीनं हंबरडा फोडला.

साहेबांनी गवराबाईच्या कपाळाकडं पाहिलं. तिथं पुसलेल्या कुंकवाचा लाल फराटा तसाच होता. त्यांनी नजर खाली घेतली.

“ज्योतीरामची आई?” त्यांनी विचारलं.

“तो पाळण्यात असतानाच गेली. मी लगीन हून घरात आले, त्या दिवशी तो माझ्या कडेवर चढला, तो मिसरूड फुटंपतूर उतरला न्हाई.”

“आणि तो तुम्हांला वहिनीच म्हणतो?”

“व्हय.”

“आमच्या घरी सगळे दीर-नणंदा आईला वहिनी म्हणत,” साहेब स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “ऐकून ऐकून आम्ही मुलंही तिला वहिनीच म्हणायला लागलो. ती जाईपर्यंत मी तिला आई अशी हाक कधी मारलीच नाही.” मग ते इंद्रायणीकडं वळले, आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाले, “बाई, नियमात बायको बसते, मुलं बसतात, आणि आई बसते. मी इथला माणूस नाही, मला नाती काय ठाऊक? तुम्ही घरच्या. नीट विचार करून सांगा. ह्या ज्योतीरामच्या कोण?”

गवराबाईनं मान नकारार्थी हलवली. पण इंद्रायणी तिच्याकडं बघतच नव्हती. इतके दिवस ह्याच प्रश्नानं तिला झोप लागू दिली नव्हती, आणि आज त्याचं उत्तर तिच्याकडंच मागितलं जात होतं! तिनं डोईवर पदर घेतला, आणि स्पष्ट म्हणाली,

“आई. त्येंची आई, आन् माझ्या सासूबाई.”

“ठीक,” साहेब म्हणाले. त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. “बायकोचं नाव इंद्रायणी. आईचं गवराबाई. उद्या सकाळी त्यांना सुईला पाठवा, चुकवू नका.” आणि गल्लीतल्या अंबुबाईंकडं ढुंकूनही न बघता ते पुढच्या घराकडं गेले.

इंद्रायणी वळली आणि गवराबाईच्या पायांवर कोसळली. “मी तुमच्यावर वंगाळ इचार केला वो... घाण इचार केला! मला माफी न्हाई!”

“लांब हो, लांब हो! माझा वारा लागंल,” गवराबाई पदराआडून रडतही होती आणि हसतही होती. “मला का ठावं नव्हतं व्हय, काय तरी सलतंय तुला ते? रोज माझी भाकरी करपायची. मला वाटलं, माझ्या दुखण्याचा ईट आला पोरीला. ऊठ. सासू केलंयस ना मला? आता बघ, सासुरवास कसा करते ते!”

संध्याकाळी भोंगा झाला. ज्योतीराम आज गल्लीच्या तोंडाशीच घुटमळला होता. घरात काय वाढून ठेवलं असेल या भीतीनं त्याची पावलं जड झाली होती. उंबऱ्याशी येऊन तो उभा राहिला, पण तोंडातून शब्द फुटेना.

आतून इंद्रायणीनं पाहिलं. चुलीवर भाकरी टम्म फुगली होती. पडवीच्या दारापाशी, पदर तोंडावर धरून, गवराबाई दुरूनच गोजीला टाळ्या वाजवून दाखवत होती.

“असं मुक्यानं का उभं ऱ्हायलात?” इंद्रायणी म्हणाली. “रोजच्यासारखी हाक मारा की!”

ज्योतीरामनं दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. “काय... काय मंडळी, झाली का जेवणं?”

“न्हाई अजून,” दोघी एकदमच बोलल्या.