येते हं

अवंतीच्या खात्यातून, तिच्यासारख्या मुली एकत्र राहतात त्या सहनिवासातल्या खोलीचे पैसे भरले गेले होते, आणि ते अवंतीनेच भरले, असं यंत्राचं म्हणणं होतं. शालन कुलथे यांचा त्यावर विश्वास नव्हता. त्यांचा संशय मुलावर, श्रीकरवर होता. दर गुरुवारी बहिणीला मिरजेच्या पालकत्व केंद्रात आणणारा तोच.

आज त्या स्वतः आल्या होत्या. शेजारी अवंती मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिचं वय चौतीस, समज सहा-सात वर्षांच्या मुलीएवढी. वडिलांनी तिच्या नावावर ठेवलेल्या पैशांचा कारभार आई बघे. नव्या कायद्यानंतर मात्र अशा खात्यातला मोठा खर्च रुकारपट्टीला विचारूनच ठरत होता.

रुकारपट्टी कपाळावर बांधतात. माणूस 'हो' म्हणतो त्याच्या क्षणभर आधी मेंदूत एक ठरावीक लहर उठते. शब्द सापडो न सापडो, लहर उठतेच. पट्टी ती टिपते आणि हिरवा दिवा लागतो. ज्यांना स्वतःचं म्हणणं मांडता येत नाही, त्यांचं म्हणणं यामुळे पहिल्यांदाच ऐकू येऊ लागलं होतं.

"डॉक्टर, स्पष्टच विचारते. श्रीकरने तुम्हाला काय दिलं?"

पट्टी तयार करणाऱ्यांपैकी एक असलेले डॉ. टिळेकर हसले. "साधा चहा पाजला नाही हो त्याने."

"मग हे झालं कसं? कळल्यापासून रोज विचारतेय मी तिला, जायचंय का गं तुला? नाही म्हणते. कानावर हात ठेवते पोरगी!"

"आम्ही शब्दांत विचारत नाही, काकू. चित्रं दाखवतो. तिथली खोली, खिडकी, मैत्रिणी. दर वेळी हिरवा." ते थांबले. "'जायचंय का' असंच विचारता?"

"मग कसं विचारू?"

"तुमच्या घरात बाहेर पडताना 'जाते' म्हणतात?"

म्हणत नसत. 'येते' म्हणायची रीत सगळीकडेच आहे, त्यांच्या घरात ती जरा कडक होती. 'जाणं' अवंतीने नीट ऐकलं ते एकदाच. बाबा गेले, असं तिला सांगितलं होतं तेव्हा. म्हणजे आई तिला रोज विचारत होती, मरायचंय का?

आणि अवंती रोज संध्याकाळी पिशवी भरून दारात उभी राही. "येते हं, आई." शालनताईंना तो खेळ वाटे. 'ये' म्हणून त्या पोळ्या लाटायला वळत.

"असेल. तरी माझी हरकत लिहून घ्या. पालकाला तेवढा हक्क आहे ना?"

"आहे. हरकतही पट्टीवरच घेतो."

"म्हणजे माझ्यावरही संशय?"

"कायद्याचा. माझा नाही."

पट्टी बांधली. पडद्यावर त्यांच्याच घराचं चित्र आलं. अवंतीचा पलंग रिकामा. जेवणाच्या टेबलावर एकच ताट.

"चालेल असं?" टिळेकरांनी विचारलं.

"नाही!"

शब्द तोंडाबाहेर पडण्याआधीच दिवा हिरवा झाला होता.

"बिघडलंय तुमचं यंत्र."

टिळेकरांनी पट्टी बदलली. पुन्हा हिरवा.

"हे श्रीकरला कळेल?" शालनताईंनी विचारलं.

"नाही. कुणालाच कळणार नाही."

"मला कळलं ना."

अवंतीला यंत्राचं एवढंच माहीत होतं की हिरवा म्हणजे हो. आईच्या कपाळाकडे बघून तिने टाळ्या वाजवल्या, पिशवी खांद्याला लावली आणि दारात जाऊन उभी राहिली.

"येते हं, आई."

शालनताईंनी पट्टी ओढून काढली. 'ये' एवढंच म्हणायचं होतं. ते बोलावणं आहे की निरोप, हे सांगू शकणारी वस्तू आता त्यांच्या हातात होती, आणि तिचा दिवा त्यांनी मुठीत घट्ट झाकून धरला होता.